वाशी मार्केटच्या कांदा आवकेवर एआर मॉडेल, ह्यूबर लावूनही फाय पडलेलाच. का?

घणसोली_एमएस्सी

नमस्कार मंडळी, एमएस्सी स्टॅटच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी वाशी एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटची रोजची कांदा आवक आणि भाव घेतलाय, साधारण २०१९ पासूनचा. बराचसा डेटा एका साइटवरून उतरवला आणि जे दिवस तिथे गायब होते ते मामाने भरून दिले, मामा मार्केटला एका आडत्याकडे मेहताजी आहे. आधी आवकेवर साधा एआर-१ बसवायचा, म्हणजे आजची आवक कालच्या आवकेवर (कालच्या आकड्याचा गुणक तो फाय), आणि मग भाव आवकेवर रिग्रेस करायचा असा प्लॅन.

आता गंमत अशी की ग्राफ बघितला तर डोळ्यांना सरळ दिसतं की आज आवक जास्त असली तर उद्याही साधारण जास्तच असते, फाय निदान ०.७-०.८ यायला पाहिजे, पण लीस्ट स्क्वेअर्सने येतो ०.१ च्या आसपास. शोधल्यावर कळलं की काही दिवस आकडा टनाच्या ऐवजी क्विंटलमध्ये पडलाय म्हणजे थेट दहापट. म्हटलं आउटलायर आहेत, म्हणजे बाकीच्यांपासून फार लांब पडलेले आकडे, आणि त्यांनी न बिघडणारं रोबस्ट रिग्रेशन वर्गात झालंय, पायथनमध्ये स्टॅट्समॉडेल्सचं आरएलएम घेतलं, ह्यूबर, डिफॉल्ट १.३४५. फाय थोडा वर सरकला पण कुठेच पोचला नाही. सगळीकडे लिहिलेलं असतं की ह्यूबर आउटलायरला दाबतो, मग इथे का दाबत नाही?

गाइड म्हणाले ते दिवस काढून टाक आणि पुढे चल. पण दिवस काढला तर लॅगचं काय होणार, परवाचा दिवस "काल" होऊन बसणार ना? शिवाय सगळे उंच आकडे चुकीचे नाहीत, काही खरेच आहेत. कोणीतरी थिअरीतून समजावा प्लीज, व्हायव्हाला हेच विचारणार आहेत.

ऐरोली_अ‍ॅनालिस्ट

लॉग घे, वरचे खालचे १ टक्का कापून काठावर आणून ठेव, ह्यूबर परत चालव. आम्ही ऑफिसात हेच करतो, आजवर कोणी विचारलेलं नाही 😄

नौपाडा_पेन्शनर

ऑफिसात कोणी विचारत नाही हे खरंय, व्हायव्हाला विचारतात. मी तीसेक वर्षं हा विषय शिकवलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

तू वर्गात शिकलीस तो आउटलायर एका ओळीत राहतो. एक ओळ, एक वाय, एक एक्स, वाय बिघडला, संपलं. टाइम सिरीजमध्ये तसं नाही. मंगळवारचा आकडा चुकला तर तो मंगळवारच्या ओळीत वाय म्हणून येतो आणि बुधवारच्या ओळीत एक्स म्हणून परत येतो. एकच चूक, दोन ओळी खराब. एआर-पी असेल तर पी अधिक एक ओळी. आणि यातली दुसरी भेट जास्त महाग पडते, कारण तिथे तो लेव्हरेज पॉइंट झालेला असतो, म्हणजे एक्सच्या बाजूने लांब बसून रेषा आपल्याकडे ओढणारा बिंदू.

आकड्यांत बघू. समजा खरा फाय ०.८, रोजच्या नव्या धक्क्याचा एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) १०० टन. मग आवकेचा स्वतःचा एसडी किती, १०० भागिले १ वजा ०.६४ चं वर्गमूळ, म्हणजे १०० भागिले ०.६, साधारण १६७ टन. सरासरी आवक १००० टन धर. वर्षभराच्या ३६५ दिवसांत एका मंगळवारी १००० च्या जागी १०,००० पडलं, म्हणजे सरासरीपासून ९००० टनांचा उंचवटा.

लीस्ट स्क्वेअर्सच्या छेदात काय असतं तर एक्सच्या वर्गांची बेरीज. चांगल्या दिवसांची बेरीज ३६५ गुणिले १६७ चा वर्ग, म्हणजे १ कोटी १ लाखाच्या आसपास. त्या एकट्या मंगळवारचा वर्ग ८ कोटी १० लाख. अंशात मात्र त्याची साथ द्यायला शेजारी कोणी नाही कारण बुधवारची आवक नेहमीसारखीच आहे. अंश साधारण ८१ लाख, छेद ९ कोटी ११ लाख, उत्तर ०.०९. एकाच आकड्याने ०.८ चा ०.०९ केला. तुझा ०.१ कुठून आला ते कळलं असेल.

आता ह्यूबर. बुधवारच्या ओळीत रेसिड्युअल, म्हणजे खरा आकडा वजा मॉडेलचा अंदाज, साधारण उणे ७२००. लीस्ट स्क्वेअर्समध्ये ती ओळ रेसिड्युअल गुणिले एक्स, म्हणजे ६ कोटी ४८ लाख एवढ्या जोराने फायला खाली ओढते. ह्यूबर म्हणतो रेसिड्युअल १.३४५ एसडीच्या पुढे गेला की मी तिथेच कापतो, म्हणजे ७२०० च्या जागी १३४.५. छान, पण एक्स कोणी कापला? तो ९००० च आहे. १३४.५ गुणिले ९००० म्हणजे १२ लाख १० हजार. साधी प्रामाणिक ओळ जास्तीत जास्त ओढून ओढणार किती, तर १३४.५ गुणिले १६७, साडेबावीस हजार. म्हणजे दाबून दाबूनही ती एक ओळ चोपन्न ओळींचं बळ घेऊन बसलीय. हिशोब पुढे नेलास तर फाय ०.८ वरून ०.६५ च्या जवळ येतो. असे चार-पाच दिवस असतील तर ह्यूबरही शून्याच्या आसपास जाऊन बसेल. "थोडा वर सरकला पण पोचला नाही" हे लक्षण अगदी पुस्तकी आहे.

व्हायव्हाच्या भाषेत सांगायचं तर इन्फ्लुअन्स फंक्शन (एक ओळ उत्तराला किती ओढते ते) म्हणजे साय ऑफ रेसिड्युअल, अर्थात कापलेला रेसिड्युअल, गुणिले एक्स, यातला पहिला भाग बांधलेला आहे, दुसरा मोकळा. ह्यूबरचा १९६४ चा मूळ पेपर लोकेशनचा, म्हणजे नुसता मध्य काढण्याचा होता, तिथे एक्स नव्हताच, त्यामुळे तिथे तो निर्धोक आहे. रिग्रेशनमध्ये त्याने १९७३ ला नेला. इन्फ्लुअन्स कर्व्ह हॅम्पेलचा, १९७४. रिग्रेशनचा ह्यूबर एक्समधल्या घाणीपासून वाचवतो असं कोणी म्हटलं तर मान हलवू नकोस.

ऐरोलीकर, तुमचं लॉग अगदीच फेकण्यासारखं नाही. दहापट चूक लॉगमध्ये २.३ होते, आवकेचा एसडी तिथे ०.१६७ च्या आसपास, म्हणजे उंचवटा ५४ एसडीवरून १४ एसडीवर येतो. याच उदाहरणात लॉग आणि लीस्ट स्क्वेअर्सने फाय ०.५३, लॉग आणि ह्यूबरने ०.७६ च्या घरात. एका चुकीसाठी चालून जाईल. दहा असतील तर परत तेच.

ऐरोली_अ‍ॅनालिस्ट

सर ०.७६ म्हणजे पास ना मग 😄 बरं ह्यूबर नाही तर काय लावायचं ते तरी सांगा, आमच्याकडे सोमवारी रिपोर्ट असतो.

नौपाडा_पेन्शनर

एमएम एस्टिमेटर, योहाई, १९८७. आरमध्ये रोबस्टबेस पॅकेजचं एलएमरॉब. सुरुवात एस एस्टिमेटरने होते ज्याचा ब्रेकडाउन पॉइंट, म्हणजे किती घाण सोसेल ती मर्यादा, ५० टक्के असतो, तिथून स्केल (रेसिड्युअलचा पसारा) पक्कं होतं, मग त्या स्केलवर ट्यूकीच्या बायस्क्वेअरने एम स्टेप, ४.६८५ ने, म्हणजे नॉर्मल असेल तर ९५ टक्के एफिशियन्सी. बायस्क्वेअर रीडिसेंडिंग आहे, रेसिड्युअल ४.६८५ एसडीच्या पुढे गेला की वजन थेट शून्य, मग एक्स ९००० असो की ९ लाख, शून्य गुणिले काहीही शून्य. वरच्या उदाहरणात मंगळवार आणि बुधवार दोन्ही ओळी आपोआप बाहेर.

एक सांभाळ. स्टॅट्समॉडेल्सच्या आरएलएममध्येही बायस्क्वेअर मिळतं, पण त्याची सुरुवात डिफॉल्टने लीस्ट स्क्वेअर्सच्या उत्तरापासून होते. रीडिसेंडिंग समीकरणाला एकापेक्षा जास्त उत्तरं असू शकतात, वाईट जागेहून निघालीस तर वाईट उत्तराशेजारीच थांबशील. ०.०९ वरून निघून ०.८ ला पोचशील याची गॅरंटी नाही. म्हणून ती एस ची पायरी, ती वगळायची नाही.

कांदा_गाळा

मी स्टॅट वगैरे काही शिकलेलो नाही, बीकॉम करून गाळ्यावर बसलो, पण मुलीने कांद्याचं काढलंय म्हणून सांगतो. मार्केटात आवक गाड्यांमध्ये बोलतात, "आज किती गाड्या" असंच विचारतात, मग ती गाडी दहा टनाची की वीसची ते कोण बघतंय. काही जण गोणी मोजतात. कागदावर येईपर्यंत कोणी टन लिहितो कोणी क्विंटल. तेव्हा ताई तुझ्या मामालाच विचार की त्याने भरलेले दिवस कशात भरलेत, अर्धा प्रॉब्लेम तिथेच मिटेल.

दुसरं, बंद. माथाडींचा बंद असू दे नाहीतर नाशिकला लिलाव बंद असू देत, ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं तेव्हा लासलगावसकट नाशिकचे लिलाव काही दिवस बंद होते आठवत असेल. त्या दिवशी इकडे गाड्या कमी, आणि सुरू झालं की एकदम डबल, कारण माल कांदाचाळीत नाहीतर गाडीत पडून असतो तो निघतोच. पावसात कसारा घाटात गाड्या अडकल्या तरी तसंच, आज नाही आल्या त्या उद्या येणार, कांदा कुठे जातोय. तर हे जे डबलवाले दिवस आहेत ते चूक नाही हं. ते काढून टाकलंत तर मग मार्केट उरलं कुठे.

नौपाडा_पेन्शनर

गाळेवाले, तुम्ही शिकलेला नाहीत म्हणता आणि आख्खा चॅप्टर सांगून गेलात!

घणसोली, हे महत्त्वाचं आहे. टाइम सिरीजमधले आउटलायर किमान दोन जातींचे, हे १९७२ मध्ये फॉक्सने वेगळे केले. एक अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे आवक ठीक होती, फक्त वहीत चुकीची लिहिली गेली, दुसऱ्या दिवशीवर काही परिणाम नाही. दुसरा इनोव्हेशन आउटलायर, म्हणजे त्या दिवशीचा धक्काच खरा मोठा होता, आणि तो सिस्टिममध्ये शिरला की दुसऱ्या दिवशी त्याचा ०.८, तिसऱ्या दिवशी ०.६४, असा उतरत जातो. ओळखायचं कसं, तर दुसऱ्या दिवशी काय झालं ते बघायचं. १०,००० च्या दुसऱ्या दिवशी परत १००० च्या घरात, तर वही चुकली. सणाआधी खरोखर मोठी आवक झाली आणि पुढचे तीन-चार दिवस हळूहळू उतरली, तर मार्केट बोललं.

आणि इथे लोकांना धक्का बसतो तो हा, की इनोव्हेशन आउटलायर लीस्ट स्क्वेअर्सला त्रास देत नाही, उलट मदत करतो. बुधवारच्या ओळीत एक्स मोठा आहे पण वाय बरोबर ०.८ पट मोठा आहे, म्हणजे बिंदू खऱ्या रेषेवरच, लांब जाऊन बसलेला. असा बिंदू उताराची माहिती इतर शंभर बिंदूंपेक्षा जास्त देतो. धक्क्यांचं वितरण इतकं जड शेपटीचं असलं की व्हेरियन्स अनंत आहे, तरी एआरचा लीस्ट स्क्वेअर्स फाय खऱ्या फायकडे जातो, आणि नेहमीच्या वर्गमूळ एन पेक्षा जास्त वेगाने जातो, हे हॅनन आणि कँटर यांनी १९७७ मध्ये दाखवलंय. म्हणजे शेपटी जड आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, घाबरायचं ते वहीतल्या चुकीला. एकाच उंचीचे दोन आकडे, एक विष, एक औषध.

गाळेवाल्यांचा बंदवाला प्रकार तर तिसराच. एक दिवस खाली, दुसऱ्या दिवशी तेवढंच वर. लॅग-१ चं ऑटोकोरिलेशन (आजच्या आकड्याचा कालच्याशी सहसंबंध) हाताने काढ, धक्क्याच्या उंचीला झाय म्हण, उणे झाय आणि अधिक झाय शेजारी, अंशात त्यांचा गुणाकार उणे झाय वर्ग, छेदात दोन झाय वर्ग, झाय मोठा होत गेला की उत्तर उणे अर्ध्याकडे. एकटा उंचवटा असेल तर शून्याकडे. दोन शेजारचे दिवस सारखेच चुकले असतील तर अधिक अर्ध्याकडे. म्हणजे घाण नेहमी फाय खालीच ओढते असंही नाही, ती कशी मांडलेली आहे त्यावर आहे.

बंदचे दिवस बायस्क्वेअर काढून टाकेल, पण मी म्हणेन त्यांना डमी दे, म्हणजे त्या दिवशी १ आणि एरवी ० असा रकाना. बंदचा एक, बंद उघडल्याचा एक. बॉक्स आणि टियाओ यांनी १९७५ मध्ये इंटरव्हेन्शन मॉडेल मांडलं ते याचसाठी. कारण माहीत असताना त्याला "आउटलायर" म्हणून वजन शून्य करणं म्हणजे आयती माहिती फेकणं.

घणसोली_एमएस्सी

सर आणि गाळेवाले काका खूप थँक्यू! मामाला विचारलं, त्याने भरलेले दिवस क्विंटलमध्येच आहेत म्हणाला, "तू सांगितलं नव्हतंस कशात पाहिजे" 🙄 ते दहाने भागले. तरी साइटवरचे काही उरलेत ज्यांचं काहीच कळत नाही. एमएम लावला, फाय ०.७ च्या वर आला.

पण आता आठवड्याचा पॅटर्न पकडायला लॅग १ ते ७ सगळे घातले तर एमएमही डळमळतोय, एकदा चालवला की एक उत्तर, थोडा डेटा मागे-पुढे केला की दुसरं. ५० टक्के ब्रेकडाउन म्हणतात ना, माझे खराब दिवस तर शंभरात सात-आठ असतील. आणि ज्या दिवसांचं काही कळत नाही ते काढू की ठेवू हे अजून राहिलंय.

खारघर_लोडवाला

याचं मी सांगतो, मी वीज मागणीच्या फोरकास्टिंगमध्ये आहे, रोजचं हेच दुखणं.

५० टक्के हे ओळींचे असतात, दिवसांचे नाही. सर म्हणाले तसं एक खराब दिवस पी अधिक एक ओळी खराब करतो. पी सात म्हणजे आठ ओळी. ५० भागिले ८, सव्वासहा टक्के खराब दिवस झाले, आणि ते विखुरलेले असले, की अर्ध्या ओळी गेल्या, एमएमचा पायाच गेला. तुझे सात-आठ टक्के म्हणजे तू रेषेच्या पलीकडे आहेस, डळमळणारच. फक्त लॅग १ आणि ७ ठेवलेस तर एक दिवस तीन ओळी बिघडवतो, मर्यादा १६-१७ टक्क्यांवर येते, तुला पुरेल. सगळे सात लॅग कशाला हवेत, वाराच्या डमी घाल. आणि साप्ताहिक सुट्टीची शून्यं तशीच ठेवली असशील तर तो आउटलायर नाही, तो बंद दरवाजा आहे, मार्केट ज्या दिवशी भरतं त्याच दिवसांची सिरीज कर नाहीतर लॉगला शून्यावर आपटशील.

काढू की ठेवू. ओळ डिलीट करायची नाही, कधीच नाही. तुझी शंका बरोबर आहे, डिलीट केलं की सोमवार बुधवाराला चिकटतो आणि फायच्या जागी फायचा वर्ग शिरतो. आकडा रिकामा ठेव, तारीख ठेव. मॉडेल स्टेट स्पेसमध्ये बसव, काल्मन फिल्टर रिकाम्या दिवशी फक्त अंदाज पुढे ढकलतो, अपडेट करत नाही, आणि लाइकलीहूड उरलेल्या दिवसांवर बरोबर निघतो. आरचं एरिमा फंक्शन आणि स्टॅट्समॉडेल्सचं सारिमॅक्स दोन्ही रिकामे दिवस स्वतःच असे हाताळतात, वेगळं काही लिहायला लागत नाही. गंमत म्हणजे त्या दिवसाला डमी लावलीस तरी फायचा अंदाज जवळपास तोच येतो, कारण डमी त्या दिवसाचा आकडा पूर्ण गिळून टाकते.

आमच्याकडचं उदाहरण. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड गेली, मुंबई ठाणे नवी मुंबई सगळं अंधारात, लोकल जागच्या जागी. आमचा डेटा १५ मिनिटांचा, दिवसाला ९६ ब्लॉक. समजा एखाद्या भागात दोन तास वीज नव्हती, म्हणजे सलग आठ ब्लॉक तळाला. सरांचं गणित पुढे न्या, सलग के सारखे उंचवटे, किंवा खड्डे, असले की लॅग-१ चं ऑटोकोरिलेशन के वजा एक भागिले के कडे जातं. आठ ब्लॉक म्हणजे ७/८, ०.८७५. म्हणजे इथे फाय पडत नाही, छान दिसतो, आणि म्हणूनच कोणाचं लक्ष जात नाही. रेसिड्युअल बघायला गेलात तर फक्त खड्ड्याच्या दोन्ही काठांवर मोठा दिसतो, मधले सहा-सात ब्लॉक एकदम साळसूद, कारण शून्याचा अंदाज शून्यावरून बरोबरच येतो. याला मास्किंग म्हणतात.

म्हणून एकेक आउटलायर शोधून काढायची चेन आणि लिऊ यांची १९९३ ची पद्धत, आरमध्ये टीएसआउटलायर्स, ती वापर पण डोळे उघडे ठेवून. ती अ‍ॅडिटिव्ह, इनोव्हेशन, लेव्हल शिफ्ट, टेम्पररी चेंज अशा जातीही सांगते, टी स्टॅटिस्टिक ३ ते ४ च्या पुढे गेला की पकडते. विखुरलेल्या चुका मस्त पकडते, सलग चुका असल्या की चाचपडते.

ऐरोली_अ‍ॅनालिस्ट

हे डिलीटवालं मी दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये... जाऊ दे. एक विचारायचंय, लेव्हल शिफ्ट म्हणालात, ती आणि आउटलायर यात मॉडेल गोंधळत नाही का? निर्यातबंदीसारखं काही झालं की?

खारघर_लोडवाला

गोंधळतं ना. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली, भाव धाडकन खाली आले आणि खालीच राहिले, बंदी उठली मे २०२४ ला. तो एका दिवसाचा खड्डा नाही, मजलाच खाली गेलाय. सरासरी स्थिर धरून बायस्क्वेअर लावलंस तर तो बंदीनंतरच्या दिवसांना महिनोन्‌महिने वजन शून्य देत बसेल आणि तुला वाटेल मॉडेल रोबस्ट आहे. उलट साधा एआर असेल तर लेव्हल शिफ्टने फाय १ कडे ढकलला जातो, मग लोक म्हणतात युनिट रूट आहे, म्हणजे सिरीज भटकतेय, सरासरीकडे परत येत नाही. २०१९ पासूनचा डेटा म्हणजे सप्टेंबर २०१९ ची बंदी, सप्टेंबर २०२० ची, लॉकडाऊनमध्ये मे २०२० ला मार्केट बंद होतं ते, ऑगस्ट २०२३ चं शुल्क, डिसेंबर २०२३, एवढं सगळं आत आहे. तारखा माहीत आहेत, स्टेप डमी (त्या तारखेपासून पुढे १) घाला, शोधत कशाला बसायचं.

कांदा_गाळा

डिसेंबरला भाव नुसत्या बंदीने पडतो असं नाही हं, तेव्हा लाल कांदा पण जोरात सुरू झालेला असतो, उन्हाळ संपलेला. लाल टिकत नाही म्हणून शेतकरी लगेच काढतो. दोन्ही एकदम आलं. तुमच्या डमीला ते कसं कळणार?

नौपाडा_पेन्शनर

नाही कळणार, आणि बरं झालं काढलंत. ते सीझनॅलिटीत धरायला लागेल, आधीच्या वर्षांचा डिसेंबर बघून, पण आधीच्या वर्षांतही बंद्या आहेतच. थोडक्यात डमीच्या कोएफिशंटला "बंदीचा परिणाम" असं नाव देऊ नकोस घणसोली, "त्या तारखेनंतरची पातळी" एवढंच म्हण.

आता भाव आवकेवर रिग्रेस करायच्या भागाबद्दल, कारण तिथे रोबस्ट रिग्रेशन तुला वाचवणार नाही. एक, रोजचा भाव युनिट रूटच्या जवळ असतो. दोन भटकणाऱ्या सिरीज एकमेकींवर टाकल्या की काहीच संबंध नसताना टी व्हॅल्यू मोठी येते, ग्रेंजर आणि न्यूबोल्ड, १९७४, त्याच्याही आधी यूल, १९२६. त्यात आउटलायर नाहीतच, सगळे बिंदू सभ्य आहेत, त्यामुळे एमएमही तेच खोटं उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने देईल. लॉग भावाचा फरक लॉग आवकेच्या फरकावर टाक, किंवा कोइंटिग्रेशन, म्हणजे दोघी भटकतानाही एकमेकींना धरून राहतात का, ते तपास. पण फरक घेतलास की एका चुकीच्या दिवसाचे दोन होतात हे लक्षात ठेव, अधिक आणि उणे, म्हणून चुका आधी रिकाम्या कर, फरक नंतर.

दोन, आवकेने भाव ठरतो आणि भावाने आवक. वाशीला भाव चढला की दुसऱ्या दिवशी गाड्या इकडे वळतात, गाळेवाले सांगतील. मग उतार मागणीचा की पुरवठ्याचा? कालची आवक घेतलीस किंवा घाट बंद असलेले पावसाचे दिवस इन्स्ट्रुमेंट म्हणून घेतलेस तर जरा तरी बोलता येईल. पुरवठ्याला बाहेरून बसलेला धक्का, मागणीशी संबंध नाही. तुझे "खरे आउटलायर" इथे कामाला येतात, फेकले असतेस तर इन्स्ट्रुमेंटच गेलं असतं.

तीन, स्टँडर्ड एरर. रेसिड्युअल एकमेकांशी जोडलेले असतील तर प्रोग्रामने छापलेला एरर स्वतंत्र ओळी धरून काढलेला असतो, तो खोटा लहान. साध्या रिग्रेशनला न्यूई-वेस्ट, १९८७, आहे. एमएमसाठी ब्लॉक बूटस्ट्रॅप कर (डेटाचे सलग तुकडे पुन्हापुन्हा उचलून मॉडेल बसवायचं), कुन्श, १९८९, पण तिथेही एक खाचखळगा आहे, ब्लॉक उचलताना एखाद्या सॅम्पलमध्ये खराब ब्लॉक जास्त उचलले गेले तर त्या सॅम्पलपुरता ब्रेकडाउन ओलांडला जातो आणि स्टँडर्ड एरर भलताच फुगतो. चुका रिकाम्या करून, डमी घालून मग बूटस्ट्रॅप केलास तर हा त्रास बराच कमी.

घणसोली_एमएस्सी

सर शेवटचा प्रश्न, हे दिवस शोधा, रिकामे करा, डमी लावा असं हाताने करण्याऐवजी एआरसाठीच बनवलेला रोबस्ट एस्टिमेटर नाही का? एक्झामिनर म्हणतील तू आधी डेटा बघून दिवस निवडलेस.

नौपाडा_पेन्शनर

आहेत. सोपा हवा तर ऑटोकोव्हेरियन्सच रोबस्ट काढ. एक्स आणि वायचा कोव्हेरियन्स म्हणजे त्यांच्या बेरजेचा व्हेरियन्स वजा त्यांच्या वजाबाकीचा व्हेरियन्स, भागिले चार, ही जुनी ओळख. व्हेरियन्सच्या जागी रोबस्ट स्केल घाल, रूसेऊ आणि क्रू यांचा १९९३ चा क्यूएन घाल, त्यावर मा आणि जेंटन यांनी २००० मध्ये ऑटोकोव्हेरियन्स बांधला. मग यूल-वॉकर, म्हणजे त्या ऑटोकोव्हेरियन्सवरून फाय काढायचा. दहा ओळींचा कोड.

मुळावर घाव घालणारा म्हणजे बीआयपी, बाउंडेड इनोव्हेशन प्रोपगेशन, म्युलर, पेन्या आणि योहाई, २००९. त्यात मॉडेलच असं लिहितात की कालचा रेसिड्युअल कितीही मोठा असला तरी आजच्या अंदाजात त्याचा कापलेला भागच शिरतो. म्हणजे मंगळवारची चूक मंगळवारच्याच ओळीत अडकते, बुधवारी एक्स होऊन येतच नाही. जे दुखणं मी सुरुवातीला सांगितलं त्यावरच औषध.

एक्झामिनरला काय सांगायचं, तर हाताने निवडलेले दिवस आणि त्यांची कारणं परिशिष्टात तक्त्यात दे, तारीख, मूळ आकडा, काय केलं, कोणी सांगितलं. शेजारी बीआयपी किंवा मा-जेंटनचा फाय ठेव, जिथे काहीच निवडलेलं नाही. दोन्ही जवळ आले तर वाद संपला. लांब आले तर कुठले दिवस त्यांना वेगळं करतायत ते शोध, बहुतेक बंद उघडल्याचे दिवस निघतील, कारण रोबस्ट एस्टिमेटरला खरा धक्का आणि खोटा आकडा यातला फरक कळत नाही, दोघांनाही तो सारखाच दाबतो.

कांदा_गाळा

ताई, २०२० च्या आधीच्या गाड्यांच्या नोंदी आमच्या जुन्या वहीत असतील, मामाला सांग सकाळी अकरानंतर ये म्हणावं, त्याआधी माल उतरत असतो.